मरीन ड्राइव्ह: आखून घडवलेले सौंदर्य की अर्ध्यावर थांबलेल्या योजनेची देणगी?

सागरतीर

मुंबईला आलेल्या पाहुण्याला काय दाखवायचे, याचे उत्तर प्रत्येक घरात थोडे वेगळे असते. पण त्या यादीत मरीन ड्राइव्ह नाही, असे घर मला अजून भेटलेले नाही. नरिमन पॉइंटपासून मलबार हिलच्या पायथ्यापर्यंत, सुमारे साडेतीन किलोमीटर, कमानीसारखा वळत गेलेला हा रस्ता आहे. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला जवळजवळ एकाच उंचीच्या इमारतींची रांग आणि मधे रुंद पदपथ व त्याचा कट्टा. कागदोपत्री हा नेताजी सुभाषचंद्र बोस मार्ग आहे, परंतु टॅक्सीवाल्यापासून कॉलेजच्या मुलांपर्यंत सर्वांच्या तोंडी मरीन ड्राइव्हच आहे.

सध्या मी या किनाऱ्याच्या भरावाचा इतिहास वाचतो आहे. आज आपण जेथे चालतो तेथे शंभर वर्षांपूर्वी पाणी होते. चर्चगेट आणि मरीन लाइन्सच्या पश्चिमेला रेल्वेचे रूळ आणि त्यापलीकडे बॅकबेचा समुद्र, अशी रचना होती. या समुद्रात भराव घालण्याचा पहिला मोठा प्रयत्न १८६० च्या दशकात झाला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि तो पैसा भरावाच्या कंपन्यांत ओतला गेला. बॅकबे रेक्लमेशन कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांपर्यंत चढला होता. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि कंपनी बुडाली. दुसरा प्रयत्न गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात, १९२० च्या सुमारास सुरू झाला. चौपाटीपासून कुलाब्यापर्यंत १,१४५ एकर जमीन समुद्रातून काढण्याचा तो बेत होता. प्रत्यक्षात त्या टप्प्यात सुमारे ४४० एकरच हाती लागली. मरीन ड्राइव्ह हा त्या अपुऱ्या कामाच्या उत्तरेकडील भागाचा काठ आहे.

माझा प्रश्न असा, की आज आपल्याला मोहवणारा हा किनारा कोणी विचारपूर्वक घडवला, की पैसे संपल्यामुळे आणि योजना फसल्यामुळे तो आपल्या पदरात पडला? माझे मत दुसऱ्या बाजूला झुकते. योजना पूर्ण झाली असती, तर बॅकबेचा आजचा मोकळा पाणपसारा उरलाच नसता आणि समोरासमोर दिसणारी दोन टोके हे जे या जागेचे मुख्य वैभव आहे, तेही उरले नसते. जाणकारांनी आणि रोज तेथे जाणाऱ्यांनी लिहावे.

केतकी

विषय अतिशय आवडला. वाचते आहे.

वास्तुछंद

सागरतीर, इतिहास छान मांडला आहे. निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. योजना आकाराने अपुरी राहिली हे खरे, पण जेवढी जमीन तयार झाली तिच्यावर काय उभे राहावे याचा काटेकोर विचार झालेला होता. भूखंड सरकारने भाडेपट्ट्याने दिले आणि बांधकामावर नियम घातले. म्हणूनच ती रांग चार-पाच मजल्यांच्या एका पातळीत राहिली. कोणी एक मालक मध्येच मनोरा उभारू शकला नाही. निरनिराळे मालक आणि निरनिराळे वास्तुविशारद असूनही समोरून पाहताना एकच रेषा दिसते, ती आपोआप येत नाही.

त्यात काळाची साथ मिळाली. भूखंड बांधकामाला निघाले ते १९३० च्या दशकात, म्हणजे नेमके जेव्हा आर्ट डेको शैली जगभर पसरत होती आणि मुंबईत सिमेंट-काँक्रीटचे बांधकाम रुळत होते तेव्हा. दगडी कमानी आणि मनोऱ्यांचा जुना थाट सोडून गोलाईचे सज्जे, कोपऱ्यावर वळणाऱ्या गॅलऱ्या, खिडक्यांवरून आडवे धावणारे पातळ छज्जे, जहाजाच्या कठड्यासारखी लोखंडी नळ्यांची रेलिंग, अशी नवी भाषा आली. हे छज्जे शोभेपुरते नाहीत. पश्चिमेचे ऊन आणि पावसाळ्यातला तिरपा मारा अडवणे हे त्यांचे मुख्य काम आहे. व्हीर नरिमन रोडच्या नाक्यावरची सूना महल ही इमारत एकदा समोरच्या पदपथावरून नीट पाहा. गोल कोपरा, त्यावर चढलेला मनोऱ्यासारखा भाग आणि पिवळ्या रंगावरचे लाल आडवे पट्टे पाहिले, की मी काय म्हणतो ते लक्षात येईल. पुढे चालत गेल्यावर केवल महल, कपूर महल आणि झवेर महल ही तीन भावंडे शेजारी शेजारी दिसतात.

३० जून २०१८ रोजी युनेस्कोने मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तुसमूहाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. ओव्हल मैदानाच्या पूर्वेला गॉथिक, पश्चिमेला डेको आणि तेथून मरीन ड्राइव्हपर्यंतचा पट्टा, अशा एकूण ९४ इमारती त्यात आहेत. योगायोगाला असा दर्जा मिळत नसतो.

गिरगावची लेक

वास्तुछंद आणि सागरतीर, तुम्हा दोघांचेही लक्ष चर्चगेटच्या बाजूला आहे. आम्हा गिरगावकरांच्या दृष्टीने या किनाऱ्याची सुरुवात चौपाटीपासून होते आणि चौपाटीचा मान भरावापेक्षा फार जुना आहे.

१ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळक गेले. त्यांच्यावर अंत्यसंस्कार नेहमीच्या स्मशानात न होता चौपाटीच्या वाळूवर झाले. पाऊस पडत असताना सरदारगृहापासून निघालेल्या त्या अंत्ययात्रेला लोटलेल्या गर्दीच्या आठवणी आमच्या वाडीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. आज तेथे लोकमान्यांचा पुतळा आहे. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात याच वाळूवर कमलादेवी चट्टोपाध्याय आणि इतर स्त्रियांनी समुद्राच्या पाण्यापासून मीठ केले. ज्या काळात पलीकडे भराव घातलेल्या जमिनीचे तुकडे पाडले जात होते, त्याच काळात अलीकडे लोक कायदा मोडायला जमत होते.

अनंत चतुर्दशीला हाच किनारा पुन्हा सगळ्या मुंबईचा होतो. लालबागचा राजा चौपाटीवर पोहोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडलेला असतो आणि तरीही माणसे हललेली नसतात. गुडघाभर पाण्यात उभे राहून मूर्तीला शेवटचा हात लावणाऱ्या कोळी बांधवांकडे पाहिले, की हा किनारा कोणाच्या मालकीचा आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. आखलेला की योगायोगाचा, या वादात मला तिसरे उत्तर द्यावेसे वाटते: या किनाऱ्याला मोठेपण आले ते लोकांनी तो वापरल्यामुळे.

आणखी एक तपशील. चौपाटीकडच्या पट्ट्याला आधी केनेडी सी फेस म्हणत आणि त्याच्या पायाभरणीचे साल १९१५ आहे. म्हणजे लॉइड यांच्या योजनेच्या आधीच या टोकाला समुद्राकाठच्या रस्त्याचे काम सुरू झाले होते. पारशी, इस्लाम, हिंदू आणि कॅथलिक जिमखान्यांची मैदाने याच बाजूला आहेत. पारशी जिमखाना तर १८८५ चा. त्या मैदानांमुळे मरीन लाइन्सपासून चौपाटीपर्यंत इमारतींची भिंत उभी राहिली नाही आणि रेल्वेतूनही समुद्र दिसतो.

लोकल प्रवासी

शेवटच्या वाक्याला मनापासून अनुमोदन. चर्नी रोडहून मरीन लाइन्सकडे जाताना उजव्या हाताच्या दारात उभे राहिले, की मैदानापलीकडे काही क्षण पाणी चमकते. चर्चगेटला कामाला जाणाऱ्या किती जणांना दिवसभरात तेवढाच समुद्र मिळतो!

दर्यासारंग

मी बंदर-बांधकामाच्या क्षेत्रात नोकरी केलेली असल्यामुळे चर्चेत पाण्याची बाजू मांडतो.

बॅकबे नैऋत्येकडे उघडा आहे आणि पावसाळ्यातल्या लाटाही नैऋत्येकडूनच येतात. त्यामुळे नोव्हेंबरपासून मेपर्यंत तळ्यासारखे शांत दिसणारे हे पाणी जूनमध्ये सरळ भिंतीवर चाल करून येते. उभ्या भिंतीवर आदळलेली लाट मागे फिरते, येणाऱ्या पुढच्या लाटेला भिडते आणि पाणी आणखी उंच उसळते. पदपथावर पडणारा तो पांढरा पडदा अशा रीतीने तयार होतो. त्यात अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आसपासचे उधाण आले, तर जोर आणखी वाढतो. साडेचार मीटरांहून मोठी भरती असेल त्या दिवसांची यादी महापालिका पावसाळ्याआधीच प्रसिद्ध करते. ती यादी पाहून लोक लाटा अंगावर घ्यायला गर्दी करतात हे मला काळजीचे वाटते, कारण परतणाऱ्या पाण्याची ओढ वरून कळत नाही.

भिंतीच्या पायाशी दिसणारे काँक्रीटचे चार पायांचे ठोकळे म्हणजे टेट्रापॉड. हे १९५० च्या सुमारास फ्रान्समध्ये तयार झाले. त्यांचे काम लाट अडवणे असे नाही. लाटेला आत शिरू देऊन तिची ताकद पोकळ्यांमध्ये विखरून टाकणे हे आहे. चार पाय एकमेकांत अडकतात, त्यामुळे समुद्राने हलवले तरी ते अधिक घट्ट बसतात. किनारी रस्त्याच्या कामासाठी त्यांतले काही हलवले गेले तेव्हा, २०२२ च्या पावसाळ्यात, भरतीच्या वेळी समोरच्या इमारतींना हादरे जाणवू लागल्याच्या तक्रारी रहिवाशांनी केल्या आणि ते ठोकळे पुन्हा बसवावे लागले. लाट आणि इमारत यांच्यामध्ये रस्त्याची रुंदी असूनही असे घडते, यावरून भिंतीवर रोज किती मार पडतो याची कल्पना यावी.

टेट्रापॉडवर उतरून बसणाऱ्यांना हात जोडून विनंती आहे, की तसे करू नका. ते शेवाळाने निसरडे असतात. खालच्या फटीत पाय अडकला आणि भरती सुरू झाली, तर वरच्या माणसाला काहीही करता येत नाही.

ठाणेकर

माहितीपूर्ण प्रतिसाद. एक साधा प्रश्न आहे. आईवडिलांना सूर्यास्त दाखवायला न्यायचे आहे. कोणत्या भागात बसावे?

दर्यासारंग

ठाणेकर, ऋतूवर अवलंबून आहे. नरिमन पॉइंटच्या टोकाला गेलात तर बारा महिने सूर्य उघड्या समुद्रातच बुडताना दिसेल. तारापोरवाला मत्स्यालयाच्या बाजूला बसलात, तर हिवाळ्यात तो डावीकडे सरकलेला असल्यामुळे समुद्रावर मावळतो. एप्रिल-मे महिन्यांत मात्र तो मलबार हिलच्या आड जातो. आईवडिलांना फार चालवायचे नसेल, तर चर्चगेटहून सरळ समोर येऊन डावीकडे वळावे. सूर्यास्तानंतर लगेच उठू नये. आकाश काळोखे होण्याआधीची काही मिनिटे आणि त्याच वेळी लागणारे दिवे, हे दोन्ही एकत्र पाहायला मिळतात.

निशाचर

दिव्यांचा विषय निघाला म्हणून लिहितो. मरीन ड्राइव्हला ‘राणीचा हार’ म्हणतात ते दिव्यांच्या वक्र रांगेमुळे, आणि तो हार पदपथावरून दिसत नाही. त्यासाठी मलबार हिलवर जावे लागते. कमला नेहरू पार्कातून तो वर्षानुवर्षे पाहिला जात आहे. २०२५ मध्ये मलबार हिलच्या झाडीतून उंचावरून जाणारा जो लाकडी मार्ग खुला झाला, तेथून चौपाटीचा भाग झाडांच्या शेंड्यांमधून दिसतो.

२०१५ मध्ये येथले सोडियमचे पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी बसवले गेले तेव्हा शहरात मोठा वाद झाला आणि तो उच्च न्यायालयापर्यंत गेला. वीज वाचते हा मुद्दा योग्य होता. पण सोनेरी हाराची ओळख पुसून त्याजागी थंड पांढरी रेघ आली, हे लोकांना सहन झाले नाही. पुढे पिवळसर प्रकाश परत आणण्यात आला. शहराच्या चेहऱ्याच्या प्रश्नावर सामान्य माणूस इतक्या तीव्रतेने बोलतो, हे मला फार आश्वासक वाटले. सागरतीर यांच्या प्रश्नात मी एवढीच भर घालीन, की सौंदर्य आधी कसेही आलेले असो, ते टिकते तेव्हा कोणी तरी भांडलेले असते.

मीनल_प

मी मूळची सातारा जिल्ह्यातली. शिक्षणासाठी मुंबईत आले आणि चर्नी रोडच्या परिसरात राहिले. खोलीत तिघी होतो, अभ्यासाला कोपरा नव्हता, फोनवर घरच्यांशी चार शब्द मोकळेपणाने बोलायला जागा नव्हती. ती सगळी जागा मला मरीन ड्राइव्हच्या कट्ट्याने दिली.

या ठिकाणाबद्दल लिहिताना इमारती आणि लाटा यांच्याविषयी पुष्कळ लिहिले जाते. मला तेथील एक गोष्ट अपूर्व वाटते. एकटी मुलगी रात्री दहा वाजता समुद्राकडे तोंड करून बसली, तर तिला कोणी येथे का बसलीस असे विचारत नाही. काही विकत घ्यावे लागत नाही, तिकीट नसते, फाटक नसते आणि बंद होण्याची वेळही नसते. कट्ट्याची उंची अशी, की उडी न मारता बसता येते आणि रुंदी अशी, की पाय वर घेऊन आरामात मांडी घालता येते. दिवसभर तापलेले काँक्रीट संध्याकाळी बसल्यावर उबदार लागते. माझ्या एका बाजूला परीक्षेची टिपणे वाचणारा मुलगा असे, दुसऱ्या बाजूला न बोलता बसलेले वयस्कर जोडपे असे, आणि मधून चणे-शेंगदाणेवाला पुडी पुढे करून नाही म्हटले की पुढे जात असे. आमच्या गावात, किंवा पुण्यातही, मला अशी जागा सापडली नाही.

शहरात इतकी माणसे इतक्या लहान घरांत राहतात, की दोन माणसांना मनातले बोलायचे असेल तर समुद्राला पाठ दाखवून रस्त्याकडे तोंड केलेले चालत नाही. सगळे समुद्राकडे तोंड करून बसतात, म्हणूनच त्या गर्दीत प्रत्येकाला आपला एकांत मिळतो. आखणाऱ्यांनी हा विचार केला होता की नाही हे वास्तुछंद यांनी सांगावे. मला त्या कट्ट्याबद्दल कृतज्ञता आहे.

केतकी

मीनल_प, फार सुंदर आणि खरे लिहिले आहे. माझे साखरपुड्याआधीचे सगळे बोलणे त्याच कट्ट्यावर झाले. घरी कळल्यावर आई एवढेच म्हणाली, की आम्हीही तेथेच बसायचो.

कागदपत्रे

मूळ प्रश्नाकडे वळतो, कारण योजना का फसली हे समजल्याशिवाय तो सुटणार नाही.

१९२० नंतरच्या कामाचा गाभा असा होता: समुद्रात आधी दगडांची लांब भिंत घालायची, मग बंदराच्या तळाचा गाळ ड्रेजरने उपसून नळांवाटे भिंतीच्या आत सोडायचा आणि वर मुरमाचा थर द्यायचा. दगड आणि मुरूम कांदिवलीच्या टेकडीतून रेल्वेने आणला जात असे. ड्रेजरला ‘सर जॉर्ज लॉइड’ हेच नाव दिले होते. प्रत्यक्षात गाळ अपेक्षेपेक्षा मऊ निघाला आणि भिंतीतून तो परत समुद्रात झिरपू लागला. खर्च अंदाजाच्या पलीकडे गेला आणि काम रेंगाळले. ज्या जमिनीच्या विक्रीवर सगळा हिशेब उभा होता, तिचे भावही उतरले.

विधिमंडळात आणि वृत्तपत्रांतून या कारभारावर सर्वांत घणाघाती टीका केली ती खुर्शेद फ्रामजी नरिमन यांनी. गैरव्यवहाराचे आरोप त्यांनी इतक्या थेट केले, की खात्यातल्या एका वरिष्ठ अभियंत्याने त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला. खटल्यात नरिमन निर्दोष सुटले. चौकशी समिती बसली, योजनेला कात्री लागली आणि मधले भूभाग पाण्यातच राहिले. हे मधले तुकडे स्वातंत्र्यानंतर भरले गेले आणि त्यांतूनच आजचा नरिमन पॉइंट आणि कफ परेडचा पुढचा भाग तयार झाला. भरावाच्या गैरकारभाराविरुद्ध लढलेल्या माणसाचे नाव भरावाच्या टोकाला दिले गेले, हा मुंबईने केलेला सन्मान मला अत्यंत उचित वाटतो.

म्हणून माझे उत्तर सागरतीर यांच्या जवळ जाते, पण मी त्याला योगायोग म्हणणार नाही. योजना थांबली ती जागरूक लोकप्रतिनिधी आणि वृत्तपत्रे यांनी ती थांबवायला लावली म्हणून. उघडा बॅकबे ही नागरिकांच्या दक्षतेची देणगी आहे.

वास्तुछंद

कागदपत्रे, उत्तम माहिती. तुमच्या प्रतिसादातूनच माझाही मुद्दा पुढे नेता येतो. नरिमन पॉइंटचे मनोरे आणि मरीन ड्राइव्हची रांग यांच्यात तुलना करा. एअर इंडियाची इमारत १९७४ ची. ती स्वतंत्रपणे देखणी आहे, पण तेथे एका इमारतीचा दुसरीशी संवाद नाही आणि संध्याकाळी सातनंतर त्या गल्ल्यांत माणूस दिसत नाही. समुद्र तोच, भरावाची जमीन तीच. फरक पडला तो नियमांनी आणि प्रमाणाने. मरीन ड्राइव्हच्या इमारतींत माणसे राहतात, गॅलरीत कपडे वाळतात, रात्री खिडक्यांत दिवे लागतात. सुरैया अखेरपर्यंत कृष्णा महलमध्ये राहिल्या, नर्गिस शॅटो मरीनमध्ये राहत असत. राहत्या घरांची रांग समोर आहे, म्हणून मीनल_प यांना रात्री दहा वाजता एकटे बसायला भीती वाटली नाही. हे श्रेय आखणीचे आहे.

गिरगावची लेक

या मुद्द्यावर वास्तुछंद यांच्याशी पूर्ण सहमत.

चौपाटीच्या टोकाला थांबून आणखी एका माणसाची आठवण काढल्याशिवाय हा धागा पुरा होऊ नये असे वाटते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दोन दहशतवादी मरीन ड्राइव्हवरूनच गाडी हाकत चौपाटीपर्यंत आले. तेथील नाकाबंदीत सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी हातात केवळ लाठी असताना कसाबच्या रायफलची नळी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली आणि गोळ्या अंगावर घेतल्या. त्यामुळे तो जिवंत सापडला. ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. त्यांचे स्मारक त्याच जागी, रस्त्याकडेला आहे. पाहुण्यांना हार दाखवता तेव्हा कृपया येथे दोन मिनिटे थांबा.

मीनल_प

ओंबळे आमच्याच जिल्ह्यातले, केडंबे गावचे. गावाकडचे कोणीही माझ्याकडे आले, की आम्ही आधी तेथे जातो आणि मग समुद्रावर.

रानवारा

धाग्यात आनंदाच्या गर्दीचाही उल्लेख व्हायला हवा. २ एप्रिल २०११ च्या रात्री वानखेडेवर विश्वचषक जिंकला आणि सगळे शहर या रस्त्यावर उतरले. ४ जुलै २०२४ रोजी टी-ट्वेंटीचा संघ नरिमन पॉइंटहून वानखेडेपर्यंत उघड्या बसमधून आला, तेव्हा रस्त्याचा इंचही दिसत नव्हता. रुग्णवाहिकेला मात्र त्याच गर्दीने वाट करून दिली. जवळच ब्रेबॉर्न स्टेडियम आहे, १९३७ चे, आणि तेही याच भरावाच्या जमिनीवर उभे आहे. मुंबईच्या क्रिकेटची दोन मोठी मैदाने समुद्रापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, म्हणून विजय साजरा करायला कोठे जायचे हे कोणाला विचारावे लागत नाही.

ठाणेकर

नव्या किनारी रस्त्याबद्दल कोणीच विस्ताराने लिहिले नाही. मार्च २०२४ मध्ये वरळीकडून मरीन ड्राइव्हकडे येणारी बाजू सुरू झाल्यापासून आम्हा उत्तरेकडच्या लोकांना हा किनारा जवळ आला आहे. मलबार हिलखालचे दोन बोगदे दोन किलोमीटरांहून अधिक लांब आहेत आणि गाडी त्यांतून बाहेर पडते ती थेट चौपाटीजवळ. अंधारातून एकदम समुद्र समोर येतो, तो अनुभव मला तरी विलक्षण वाटतो.

निशाचर

ठाणेकर, गाडीतून येणाऱ्याला तो विलक्षण आहे, हे मान्य. परंतु तीच सगळी वाहने पुढे मरीन ड्राइव्हवर उतरतात आणि कट्ट्यावर बसलेल्याच्या पाठीमागचा आवाज वाढतो. इमारतींच्या बाजूने समुद्राच्या बाजूला जाताना वयस्कर माणसांना सिग्नलची वाट पाहत ताटकळावे लागते. किनाऱ्यावर पोहोचणे सोपे करताना रस्ता ओलांडणे अवघड होऊ नये, एवढीच माझी अपेक्षा आहे.

दर्यासारंग

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. नव्या रस्त्याच्या कडेने ब्रीच कँडी ते वरळीच्या दरम्यान समुद्राकाठी चालण्यासाठी नवा पदपथ झाला आहे, हे मी मोठे काम समजतो. फक्त तेथे पोहोचायला भुयारी मार्ग शोधावे लागतात. मरीन ड्राइव्हला तसे नाही. चर्चगेट, मरीन लाइन्स आणि चर्नी रोड या तीनही स्थानकांतून उतरून माणूस पायी समुद्रावर येतो. लोकलच्या तिकिटात समुद्र मिळतो, ही सोय कोणत्याही नव्या पदपथाने आधी शिकून घ्यावी.

सागरतीर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. इतकी सविस्तर चर्चा होईल असे वाटले नव्हते. कागदपत्रे यांनी नरिमन यांच्याविषयी जे लिहिले आणि वास्तुछंद यांनी नियमांविषयी जे लिहिले, ते एकत्र ठेवले, की चित्र बरेच स्पष्ट होते: समुद्र किती घ्यायचा याला लोकांनी मर्यादा घातली आणि घेतलेल्या जमिनीवर किती उंच बांधायचे याला सरकारने मर्यादा घातली. आज ही दुसरी मर्यादा सैल करण्याची मागणी पुनःपुन्हा होते. मग एक प्रश्न उरतो. वारसा म्हणून या इमारती जपायच्या, तर त्यांच्या डागडुजीचा खर्च कोणी करायचा?

वास्तुछंद

हा खरा कळीचा प्रश्न आहे. खाऱ्या हवेतला क्षार काँक्रीटच्या बारीक भेगांतून आतल्या सळईपर्यंत जातो, सळई गंजून फुगते आणि वरचे प्लास्टर पोपडे होऊन सुटते. छज्जे आणि सज्जे पातळ असल्यामुळे आधी तेच जातात. दुरुस्तीला माणसे वरून सिमेंट थापतात आणि मूळची गोलाई जाते. गॅलऱ्या बंद करून खिडक्या सरकत्या काचांच्या करतात आणि आडवी रेषा तुटते. सळई उघडी करून, गंज काढून, लेप देऊन मग जुन्या साच्याप्रमाणे छज्जा पुन्हा ओतणे हे काम महाग आहे आणि ते करणारे कुशल कारागीर थोडे आहेत.

त्यातच अनेक सदनिका जुन्या भाडे नियंत्रण कायद्याखालच्या आहेत. १९४७ च्या कायद्याने गोठलेल्या भाड्यातून मालकाला जिन्याचा दिवा लावण्यापुरतेही उरत नाही आणि भाडेकरू मालकी नसलेल्या भिंतीवर मोठा खर्च करायला तयार होत नाही. माझ्या मते जागतिक वारशाच्या यादीतल्या इमारतींच्या दर्शनी भागासाठी सरकारने स्वतंत्र निधी उभारावा, मालक आणि भाडेकरू यांचा वाटा लेखी ठरवावा, आणि छज्जा, रेलिंग व रंग यांचा नमुना ठरवून दिलेला असावा. मालमत्ता करात सवलत दिली तर पुढाकार घेणाऱ्या सोसायट्या निघतील.

कागदपत्रे

त्यात एका गोष्टीची भर घालावी. या जमिनी सरकारी भाडेपट्ट्याच्या आहेत, त्यामुळे पट्ट्याच्या नूतनीकरणाच्या वेळी दर्शनी भागाच्या जपणुकीची अट घालता येते आणि त्याच कागदावर निधीची तरतूदही करता येते. उंचीचा नियम ज्या मार्गाने आला, त्याच मार्गाने दुरुस्तीचा नियमही आणता येईल.

गिरगावची लेक

हा मसुदा कोणी नीट लिहून काढणार असेल, तर आमच्या वाडीतल्या आणि जिमखान्याच्या बाजूच्या लोकांच्या सह्या मिळवण्याचे काम मी घेते. छज्जांच्या दुरुस्तीबरोबर रस्ता ओलांडण्याच्या सोयीचा निशाचर यांचा मुद्दाही त्यात असावा.